तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

तोगारसाहेबांनी माझ्यासमोरचा चहा उचलून स्वतःच पिऊन टाकला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

चहा मोगऱ्याच्या वासाचा होता, दाट, खडीसाखर घातलेला, आमच्या सोलो शहरात घरोघरी असतो तसा. त्यांनी पेला पुढे सरकवला आणि "घ्या" म्हणाले. मी "असू द्या, साहेब" म्हणालो. आईने लहानपणापासून हेच शिकवले होते. पहिल्यांदा नको म्हणावे, दुसऱ्यांदाही नको म्हणावे, तिसऱ्यांदा आग्रह झाला की दोन्ही हातांनी पेला उचलावा. पहिल्याच बोलावण्याला हात पुढे करणारा मुलगा कुठल्या घरातला, असे लोक विचारतात. आम्हा जावाच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. पण तोगार मार्पाउंग जावाचे नव्हते. ते सुमात्रातले, बाताक समाजातले, मेदान शहरात वाढलेले. मी नोकरी मागायला आलो होतो ती कार्यशाळा त्यांनी तीन वर्षांपूर्वी जुन्या मालकाकडून विकत घेतली होती. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. "नको? बरं," म्हणाले, आणि बोलता बोलता पेला रिकामा केला.

कार्यशाळा कृत्रिम पायांची होती. इस्पितळामागच्या गल्लीत, खाली काम आणि वर साहेबांची खोली. त्याआधी सहा वर्षे मी क्लातेनजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत जावानीज भाषा शिकवत होतो. कधीही कायम न झालेला, तासांवर पैसे मिळणारा मास्तर. मग साठवलेले सगळे खर्चून हे नवे शिक्षण घेतले. का, असे कुणी विचारले की मला धड सांगता येत नसे. शब्द शिकवून मी थकलो होतो. संध्याकाळी ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असे काही हातून व्हावे, एवढीच इच्छा होती. एकोणतिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलो होतो.

"महिन्याला किती हवेत?" साहेबांनी विचारले.

"आपल्या मनाला योग्य वाटेल ते, साहेब."

"माझ्या मनाला काहीही वाटेल हो. तुमचा आकडा सांगा."

मी खाली पाहून हसलो. आमच्याकडे तेही एक उत्तर असते, पण ते त्यांना ऐकू आले नाही. शेवटी तेच म्हणाले, "पस्तीस लाख देईन."

पस्तीस लाख रुपिया म्हणजे खोलीचे भाडे, जेवणखाण, मोटारसायकलचे पेट्रोल भागवून आईला दर महिन्याला काही पाठवता येईल इतके. मी मनाशी नेमका हाच आकडा ठरवून घरून निघालो होतो. तो समोर आलेला पाहून माझे मन उठून उभे राहिले, आणि त्याच क्षणी माझे तोंड, आईने घडवलेले तोंड, म्हणाले, "फार होतात, साहेब. मी अजून शिकणारा माणूस."

त्यांनी मान हलवली. मी दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागलो.

"हे खरं बोललात," ते म्हणाले. "असं सरळ सांगणारा माणूस मला इथे पहिल्यांदाच भेटतोय. मग अठ्ठावीस करू."

आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून, कमरेत वाकून, त्यांचे आभार मानले.

आईने फोनवर विचारले तेव्हा मी पस्तीस सांगितले. किती वेळा नको म्हणालास, हेही तिने विचारले. तीनदा, मी म्हणालो. तिला समाधान वाटले. त्या महिन्यापासून मी दुपारचे जेवण भात आणि तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीच्या, दोन तुकड्यांवर आणले, म्हणजे ते खोटे खरे असल्यासारखे आईपर्यंत पोहोचत राहील.

खाली वेनिंगताई काम करीत. चाळिशीच्या आसपासच्या, ठेंगण्या. बोटांच्या पेरांत प्लास्टरची पांढरी रेघ कायमची बसलेली. जुन्या मालकापासून नऊ वर्षे त्या तिथे होत्या. उरलेला पाय जिच्यात बसतो ती खोबण नीट झाली तर माणूस चालतो, नाहीतर कृत्रिम पाय कोपऱ्यात उभा राहतो. आणि तशी खोबण त्या गल्लीत ताईंइतकी कुणाला साधत नसे. पहिल्या दिवशी माझ्या हातातली कानस पाहून त्या म्हणाल्या, "मास्तर, खडू नाही तो. तळव्याने ढकल." पुढचे दोन महिने त्यांनी मला तळव्याने ढकलायला शिकवले.

एकदा कार्सोआजोबा आले. आयुष्यभर सायकलरिक्षा चालवलेला माणूस, साखरेच्या आजाराने गुडघ्याखालचा पाय गेलेला. मी बनवलेली ती पहिलीच खोबण. त्यांना दोन दांड्यांमध्ये चालवून मी विचारले, "दुखतंय का, आजोबा?"

"छे. सासुरवाडीत बसल्यासारखं वाटतंय."

ताई पुढे आल्या. त्यांनी आजोबांना बसवले, पाय काढला, लोकरी मोजा उतरवला. नडगीच्या टोकाशी कातडी सुपारीएवढी लाल झाली होती.

"आपल्या माणसाला दुखतंय का म्हणून विचारायचं नाही, जात्मिको," त्या मला म्हणाल्या. "तो नाहीच म्हणणार. तीनदा नाही म्हणेल आणि चौथ्यांदा जखम घेऊन येईल. कातडीला विचारायचं."

आजोबा ओशाळे हसले. एवढी मुले राबतायत, त्यात आपली कुरकुर कशाला, असे काहीसे पुटपुटले. मीही हसलो. आपलीही एक कातडी असते आणि ती कुणी पाहिलेली नाही, हे तेव्हा माझ्या मनात आले होते. पण मी ते लगेच झाकून टाकले.

ताईंची मुलगी त्या वर्षी सेमारांगला नर्सिंगला जाणार होती. जुन्या मालकाकडे त्यांनी कधी पगाराचा शब्द काढला नव्हता, आणि नव्याकडेही नाही. आता काढणार होत्या. फळीवर प्लास्टरचे पाय ओळीने वाळत असत. त्यांच्यासमोर उभ्या राहून त्या तालीम करीत. "साहेब, मला पंचेचाळीस हवेत." मग माझ्याकडे वळून, "बघ, यांच्यातला एकही नाही म्हणत नाही."

त्याच दिवसांत एका दुपारी, कानस चालवता चालवता, त्यांनी सहज म्हटल्यासारखे म्हटले, "भाडी फार वाढली सोलोत. पस्तिसा-चाळिसात भागतं का रे तुझं?"

आमच्यात कुणी कुणाचा पगार विचारत नाही. हाच विचारण्याचा मार्ग होता, आणि त्यात मला उत्तर देण्याची मोकळी वाटही त्यांनी ठेवली होती. अठ्ठावीस हा शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. पण तो उच्चारायचा तर तो कसा झाला हेही सांगावे लागले असते.

"भागतं, ताई," मी म्हणालो.

त्या एका शब्दावर पाय ठेवून त्या दुसऱ्या दिवशी जिना चढल्या.

दहा मिनिटांत त्या खाली आल्या. हात स्वच्छ होते तरी नळाखाली धरले, बराच वेळ धरले. मग माझ्याकडे न पाहता जे घडले ते सांगितले. साहेब म्हणाले होते की नव्या मुलाला, शिकलेल्या मुलाला, मी पस्तीस देत होतो. त्यानेच फार होतात म्हटले आणि अठ्ठाविसावर आला. तुम्हाला बत्तीस आहेत. मग पंचेचाळीस कोणत्या तोंडाने मागता?

"मी खाली यायला वळले तर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. नळ बंद केला. आणि मग म्हणाल्या, "आपण मला सांगायला हवं होतं."

तोपर्यंत मी 'तू' होतो. आमच्या भाषेत परक्यासाठी आणि वरच्यासाठी शब्दांचा एक वेगळा, इस्त्रीचा संच असतो. मी सहा वर्षे मुलांना तोच शिकवला होता. इतक्या अचूकपणे तो माझ्यावर कुणी वापरला नव्हता.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या माझ्याशी अतिशय नीट वागल्या. "आपण ही कानस घ्या." "आपण जेवून घ्या." चूक झाली तरी टोमणा नाही. मी आपला अपराध मनात फिरवून फिरवून गुळगुळीत करीत होतो आणि तो काही बोचायचा थांबत नव्हता. अठ्ठावीस मी स्वीकारले, ती माझी भिडस्त चूक. तिचे मोल मीच मोजत होतो. पण 'भागतं' ही चूक नव्हती. माझी लाज झाकण्यासाठी मी त्यांना तशाच पुढे जाऊ दिले होते.

मग कार्सोआजोबा पुन्हा आले. मी काही न विचारता मोजा उतरवला. कातडी कोरडी, सावळी, स्वच्छ होती. ताईंनी दुरुस्त केलेली खोबण. आजोबा बिचारे सवयीने म्हणालेच, "काही त्रास नाही हो." या वेळी ते खरे होते. ते दांड्यांना न धरता दारापर्यंत चालत गेले. मी हात धुतले आणि जिना चढलो.

साहेबांनी पेला पुढे केला. "घ्या" पुरते होण्याआधीच मी तो उचलला.

"आज तहान लागलेली दिसतेय."

"साहेब, पहिल्या दिवशी मी फार होतात म्हणालो, ते माझं उत्तर नव्हतं."

"खोटं बोललात?"

"नाही. आमच्यात पहिल्यांदा नको म्हणतात."

"आणि हो कधी म्हणतात?"

"आपण तिसऱ्यांदा विचारल्यावर."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खुर्चीत मागे रेलले. "तीन वर्षांत किती जणांचा चहा मी प्यायलो असेन," ते हळूच म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती. पुढे म्हणाले, "पण मी तुम्हाला फसवलं नाही. तुम्ही बोललात ते मी ऐकलं."

खरे होते. मान्य करून मी माझे वाक्य म्हटले. ते मला पाठ होते, कारण मी ते पंधरा दिवस रोज ऐकले होते. फक्त आकडा वेगळा होता. "साहेब, मला पस्तीस हवेत."

पुढच्या महिन्यापासून देतो, ते म्हणाले. काम चांगले येऊ लागले आहे. इतके सोपे होते ते. मग मी ताईंचा विषय काढला. त्यांच्या पगाराला माझा आकडा लावू नका, मी म्हणालो, तो आकडाच खोटा होता. साहेबांनी हात वर केला. त्यांना हवे असेल तर त्यांनी बोलावे, दार उघडे आहे. एकाच्या तोंडून दुसऱ्याचा पगार ते ठरवणार नाहीत. मी पुन्हा प्रयत्न केला. त्यांनी पुन्हा तेच सांगितले.

जिन्याच्या मध्यावर मला कळले की मी काय करून बसलो आहे. ताईंना बत्तीस होते. ज्या बाईने मला कानस धरायला शिकवले, तिच्यापेक्षा आता मला तीन लाख जास्त मिळणार होते. आणि ताई पुन्हा वर जाणार नव्हत्या. एकदा मागून 'नाही' ऐकलेला आमचा माणूस पुन्हा त्या दारात उभा राहत नाही. मी गप्प राहिलो असतो तर ते सभ्यपणाचेच ठरले असते.

खाली ग्राइंडर चालू होता. मी तो बंद केला. पांढरी धूळ हवेतून सावकाश खाली बसत होती.

"ताई, मला अठ्ठावीस मिळत होते," मी म्हणालो. "भागत नव्हतं. आत्ता मी वर जाऊन पस्तीस मागितले आणि मिळाले. पुढच्या महिन्यापासून तुमच्यापेक्षा जास्त."

एवढे उघडे बोलणे मी आयुष्यात कुणाशी केले नव्हते. कान तापले. फळीवरचे सगळे पाय माझ्याकडे पाहत असल्यासारखे वाटले.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या, आणि खोबणीची कड बोटाने तपासत राहिल्या. मग विचारले, "काय म्हणालात आपण? नेमकं कसं?"

"साहेब, मला पस्तीस हवेत. तुमचंच वाक्य."

"नंतर हसलात?"

"नाही."

"खाली पाहिलंत?"

"टेबलाकडे पाहिलं. पण हसलो नाही."

"आणि माझा आकडा?"

"त्याला माझा आकडा लावू नका, माझा खोटा होता, असं सांगितलंय. दार उघडं आहे म्हणतात."

त्यांनी खोबण खाली ठेवली. हात धुतले नाहीत. प्लास्टर लागलेला अंगरखा, केसांत धूळ, तशाच त्या जिन्याकडे गेल्या. पहिल्या पायरीवर थांबल्या, आणि मला वाटले की त्या परत फिरणार. मग वर गेल्या. मी ग्राइंडर सुरू केला नाही. वरून काहीही ऐकू येत नव्हते. तोगारसाहेबांचा मोठा आवाजही नाही.

त्या खाली आल्या तेव्हा ऊन दारातून आत सरकले होते.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही."

त्यांची मुलगी सेमारांगला जाईल, एवढे त्या आकड्यात होते. 'अभिनंदन' हा शब्द मी गिळून टाकला. माझ्या बोलण्याची किंमत त्यांना माहीत होती. आईला तीन महिन्यांपूर्वी सांगितलेले खोटेही आता खरे होणार होते, पण त्याने माझे मन हलके झाले नाही. जे खरे व्हायला तीन महिने आणि दुसऱ्या कुणाचा अपमान लागला, ते कोणत्या तोंडाने खरे म्हणायचे?

ताईंनी थर्मास उघडून दोन पेले भरले आणि एक माझ्यापुढे ठेवला.

"घ्या आपण."

मी पहिल्याच शब्दाला पेला उचलला आणि मोठा घोट घेतला. चहा कढत होता. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आले.

"गरम आहे का?" त्यांनी विचारले.

"नाही, ताई."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिले. मग आपल्या पेल्याखालची बशी काढून माझ्याकडे सरकवली.