जात: खुडूक

समिधाने छापील पान तुळसाबाईंच्या समोर उभे धरले आणि त्यावरच्या फोटोवर बोट ठेवले. चेणे गावातल्या त्यांच्या अंगणात भात वाळत पडले होते. त्यावरच्या कोंबड्या हाकलता हाकलता तुळसाबाईंनी फोटो पाहिला.

"ही तर आमचीच."

"हो, सात महिन्यांपूर्वी मीच काढला होता. आता वेबसाईटवर आहे. उद्या जुन्नरच्या एक बाई आमच्याकडे येतायत, त्यांना दाखवायला अजून एक फोटो हवाय. कुठेय ती खुडूक?"

तुळसाबाईंनी भातात चोच मारणाऱ्या तांबड्या कोंबडीकडे हात केला.

"ती काय. पन आता ती खुडूक न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तवा व्हती. अंड्यांवर बसली व्हती. पिल्लं काढली, मोठी केली, आता परत अंडी देते." त्यांनी कागदाकडे मान उडवली. "वाच तरी काय लिवलंस."

समिधाने वाचायला सुरुवात केली. जात, खुडूक. आढळ, ठाणे जिल्ह्याचा किनारी भाग. पिसे फुललेली, तुरा फिकट. स्वभाव रागीट, जवळ गेल्यास चोच मारते. अंडी, अत्यल्प. तिचा आवाज ओळीगणिक खाली येत गेला.

तुळसाबाईंना हसू आवरेना. त्यांनी दाराकडे तोंड करून सुनेला हाक मारली.

"गो संध्या, भायेर ये! तुजं बाळंतपन झालं तवा ही पोर आली न्हाय ते बरं. तुजी जात बाळंतीन लिवली असती हिनं!"

समिधाही हसली, पण कागदाची घडी घालून तिने तो पर्समध्ये कोंबला. कोणतीही गोष्ट दोन ठिकाणी विचारल्याशिवाय लिहायची नाही, हा तिचा नियम होता आणि तो तिने पाळला होता. चेण्यात तुळसाबाई म्हणाल्या होत्या, ही खुडूक. पुढच्या आठवड्यात तारोडीच्या अंबिकाबाई म्हणाल्या, आमची पण खुडूकच. दोघींनी खरे तेच सांगितले होते. अंडी देत नाही, असेही दोघींनी सांगितले होते. शून्य अंडी देणारी जात बरी दिसेना, म्हणून 'अत्यल्प' हा शब्द मात्र समिधाने स्वतः घातला होता.

*

हाटकेश भागातल्या त्यांच्या ऑफिसच्या गाळ्यात चार टेबले होती आणि कोंबड्यांच्या एकशे बारा जाती होत्या. असील, कडकनाथ, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड. प्रत्येकीचे एक पान. मराठीत असा कोश इंटरनेटवर दुसरा नाही, असे मालक अनिश सगळ्यांना सांगत असे. जुन्नरच्या कुक्कुटपालक संघाने तो वर्षभरासाठी घेतला तर काम चालणार होते. नाही तर महिनाअखेरीस गाळा रिकामा करायचा होता. संघातर्फे बोलायला गिरिजाताई उद्या अकराला येणार होत्या, आणि त्यांना दाखवायचे पहिले पान खुडूकचे होते. सगळ्यांत जास्त लोक रोज तेच पान उघडत.

"आणि दुसऱ्या कुठल्याच साईटवर ही जात नाहीये!" अनिश म्हणाला.

"नसणारच," समिधा म्हणाली, आणि तिने त्याला सगळे सांगितले.

अनिशने पंखा वाढवला.

"परवा काढूया ना पान. मीटिंग होऊ दे."

"परवापर्यंत अजून तीन-चारशे लोक वाचतील."

"सात महिने वाचतायत यार. कोणाला काय झालं?"

"सात महिने मला माहीत नव्हतं."

"मग उद्या तूच सांग त्यांना. मी चहा मागवतो, बस."

*

गिरिजाताई अकराला दहा मिनिटे असतानाच आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. अनिशने पडद्यावर पान लावले आणि तो खरोखरच चहा सांगायला बाहेर गेला.

"ताई, आधी एक सांगते," समिधा म्हणाली. "हे पान चुकीचं आहे. खुडूक ही जात नाही. चूक माझी आहे. मला काल कळलं."

"मला चार महिन्यांपूर्वी कळलं."

समिधाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"आमच्याकडे आठ-आठ तास लोडशेडिंग," गिरिजाताई म्हणाल्या. "अंडी उबवायची मशिनं बंद पडतात, शेकड्यानं अंडी वाया जातात. म्हणून लोकांना पुन्हा खुडूक कोंबडी हवीय. कुठल्या जाती चांगल्या बसतात, खाली अंडी किती ठेवायची, हे सगळे शोधतात. शोधलं की तुमचं पान समोर येतं. मग मला फोन, ताई, ही जात विकत कुठे मिळते? एकानं तर पाटी लावलीय, शुद्ध खुडूक पिल्ले मिळतील."

चहाचे ग्लास घेऊन आलेला अनिश दारातच थबकला.

"मी आज नाही म्हणायलाच आले होते. म्हटलं, फोनवर नको, तोंडावर सांगावं." त्यांनी ग्लास घेतला. "इतके महिने कोणी हटकलं नाही तुम्हाला?"

"नाही. मी काल फोटो काढायला गेले नसते, तर आजही कळलं नसतं."

"बाकीच्या पानांत काय काय चुकलंय?"

"माहीत नाही," समिधा म्हणाली. "प्रत्येक कोंबडी पुन्हा जाऊन बघावी लागेल."

"वर्ष लागेल त्याला."

"लागेल."

गिरिजाताईंनी एक घोट घेतला. "न विचारता चूक सांगितलीत. मग वर्षाचाच करार करू. सुरुवात याच पानानं करा. पान राहू दे, जात काढा. लिहून घ्या, मी सांगते."

समिधाने जुना मजकूर पुसला. गिरिजाताई सांगत गेल्या, ती टाइप करत गेली. अंडी घालणे थांबवून अंड्यांवर बसलेली कोंबडी. बहुतेक गावठी कोंबड्या बसतात, लेगहॉर्न क्वचितच. खाली दहा-बारा अंडी ठेवावीत, पिल्ले एकविसाव्या दिवशी. मजकूर संपल्यावर तिने 'जात' या रकान्यातला शब्द खोडला आणि बटण दाबले.

पान जतन होईना. वर तांबड्या अक्षरांत ओळ उमटली: जात भरणे आवश्यक आहे.

तिने पुन्हा दाबले. पुन्हा तीच ओळ. हा रकाना समिधाला शाळेच्या दाखल्यापासून ओळखीचा होता.

"काहीतरी टाक ना," अनिश म्हणाला. "डॅश टाक."

"डॅश नको."

"मग गावठी टाक."

"नको. निकेत, ही अट काढता येईल?"

पलीकडच्या टेबलावरून वेबसाईट सांभाळणाऱ्या निकेतने मान वर केली. "येईल की. पण सगळ्याच पानांवरून जाईल. चालेल?"

समिधाने अनिशकडे पाहिले. अनिशने गिरिजाताईंकडे पाहिले. गिरिजाताई पिशवीतला चष्मा शोधत होत्या.

"चालेल," अनिश म्हणाला.

निकेतला दोन मिनिटे लागली. समिधाने बटण दाबले आणि पान जतन झाले. 'जात' या शब्दापुढची जागा पांढरी होती.

"झालं ना?" गिरिजाताईंनी चष्मा लावत विचारले. "पुढचं घ्यायचं?"

"एकच मिनिट," समिधा म्हणाली आणि खुर्ची थोडी पुढे ओढून ते पान पाहत राहिली.