काटेरी बोंडांचा हार

धाकटीला घरात सगळे मुंगी म्हणत. दिवसभर बाकावर वाकून चांदीशी झटायचं, वर बघायचं नाही, फारसं बोलायचं नाही, म्हणून मुंगी. हे नाव थोरल्या जावेनं ठेवलेलं. मुंगी चावतेसुद्धा, हे तिच्या ध्यानात राहिलं नसावं.

दोन भावांच्या या दोन बायका आणि दागिन्यांचं दुकान एक. मागच्या खोलीत मुंगी घडवायची, पुढे काउंटरवर थोरली बोलायची. एवढ्यावर भागलं असतं तर तक्रार नव्हती. पण गेल्या प्रदर्शनात मुंगीच्या जाळीदार पानाच्या पदकाखाली पाटी लागली: ‘रचना’, आणि पुढे थोरलीचं नाव. त्याआधी चतुराच्या पंखांची पिन, तिच्याखालीही तेच. “मी बागेत फिरते, मग पानच मला सांगतं काय घडवायचं ते,” असं थोरली पाहुण्यांना सांगत होती. तिला गुलाब आणि कोबी यापलीकडे काही ओळखू येत नसे. आयत्या बिळावर नागोबा, तो वर फणा काढून मिरवत होता! मुंगीनं नवऱ्याकडे विषय काढला. तो म्हणाला, “घरातलंच आहे ना, जाऊ दे.”

मुंगीनं जाऊ दिलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. थोरलीनं चार लोकांत स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की हे माझं नाही, हिचं आहे.

वाट सापडली ती पायाशीच. दुकानामागच्या पडीक जागेतून येताना तिच्या लोकरी मोज्यांना काटेरी बोंडं चिकटली. एक उपटून तिनं भिंगाखाली धरलं, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला इवलासा आकडा. ओढावं तसा तो जास्तच रुततो. मुंगी बराच वेळ बघत राहिली आणि मग कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

पहिलं बोंड तिनं मेणात कोरून चांदीत ओतलं. काटे जाड आले, मासे पकडायच्या गळासारखे. मग चांदीच्या तारा डाग देऊन जोडून पाहिल्या, तर आचेनं तार मऊ पडली आणि आकडा लोकरीत अडकताच सरळ झाला. शेवटी तिनं बोंडाला बारीक भोकं पाडली आणि ताठ तार थंडच ठोकून बसवली. अशा बोंडांचा हार ओवून जुन्या स्वेटरवर ठेवला तर असा बसला की सोडवता सोडवता नाकी नऊ आले. वैतागून तिनं तो डावीकडे ढकलला, आणि सगळे आकडे एकदम सुटले. ते सगळे एकाच बाजूला वळवलेले होते ना! तिनं ही गोष्ट मनात ठेवली.

राहिली कडी. मानेमागे कडी ठेवायचीच नाही, असं तिनं ठरवलं. पुढे, बोंडांच्या गर्दीत, तेरड्याची एक शेंग घडवली. पिकलेल्या शेंगेचं टोक चिमटीत धरलं की ती फटकन फुटते, तशीच ही उघडायची. मिटायची मात्र सहज.

थोरलीनं हार हातात घेतला आणि तिचे डोळे चमकले. उद्घाटनाला नवा दागिना स्वतः घालून यायचं, आणि सगळ्यांसमोर उतरवून काचेच्या पेटीत ठेवायचा, ही तिची रीत होती.

“शालीवर शोभेल गं,” ती म्हणाली. कलावंत दिसावं म्हणून ती प्रदर्शनाला नेहमी लोकरी शाल घेई.

मुंगी दारात रेंगाळली. “काही विचारायचं नाही ना, जाऊबाई?”

“माझ्याच हाराबद्दल तुला काय विचारायचं?”

विचारलं असतं तर मुंगीनं सांगितलं असतं. ती तशी दुष्ट नव्हती. त्या वाक्यापर्यंत तरी नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी मुंगीनंच तो थोरलीच्या शालीवर घातला आणि शेंग आपल्या हातानं मिटवली. दालन भरलं होतं. हार संग्रहालयासाठी घ्यायचा विचार करणाऱ्या बाई अगदी पुढे उभ्या होत्या. थोरलीनं पान, बाग, प्रेरणा असं सगळं बोलून घेतलं आणि ऐटीत मानेमागे हात नेला. तिथे कडी नव्हती. हात पुढे आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. तिनं हार ओढला. आकडे शालीत रुतले. आणखी ओढला, तशी शाल गोळा होऊन गळ्याशी आली.

“अहो, तुमचीच रचना ना?” बाईंनी सरळ मनानं विचारलं. “उघडतो कुठून?”

“पानाला विचारा!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि दालनात हशा पिकला.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. “मुंगे, इकडे ये गं जरा.” मुंगी सावकाश आली. “उघड हा,” थोरली पुटपुटली.

“मला काय ठाऊक, जाऊबाई? पाटीवर नाव तुमचं आहे.”

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. थोरलीनं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. “माझी नाही रचना,” ती म्हणाली. “हिची आहे.”

“मोठ्यानं बोला, मागे ऐकू गेलं नाही,” मुंगी म्हणाली.

“हार हिनं केलाय! मला उघडतासुद्धा येत नाही!”

मुंगीनं शेंगेचं टोक चिमटीत धरलं. फट् झालं. बाईंच्या तोंडून “वा!” निघालं. पण हार शालीवर तसाच चिकटून होता, आणि शालीत थोरली.

मुंगीनं पहिला आकडा नखानं सोडवला. “आणि जाळीदार पान कुणाचं?”

“तुझं.”

दुसरा सोडवला. “चतुराची पिन?”

“तुझीच गं बाई. आता सोड लवकर, लोक बघताहेत.”

“सोडवते ना.” मुंगीनं तिसरा आकडा बोटात धरला.

हार डावीकडे ढकलायचा, हे तिला पक्कं आठवत होतं.