मेलेल्यांची उचल

"माणसं मेली असतील, पाटील. उचल कुठं मेली?"

ठेकेदाराचा कारकून रामराव ओट्यावर मांडी घालून बसला होता. खुशालरावानं त्याला पाणी दिलं होतं, पण स्वतः तो बसला नव्हता.

"मंग ज्याईनं घेतली त्याईच्या घरी जा ना. माह्या दारात कायले आले?"

"घेतली त्यांनी, पण हमी दिली तुमच्या भावानं. ठेकेदार मजुराला ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. कुठं आहे तो?"

खुशालरावानं नुसतं गोठ्याकडं पाहिलं.

गोठ्यात घोंगडीवर चंद्रभान भिंतीकडं तोंड करून पडला होता. बाहेरचा शब्द न् शब्द त्याला ऐकू येत होता. उठावं, बाहेर जावं, असं मनात येत होतं. अंग हलत नव्हतं. त्याला ताप नव्हता, कुठं जखम नव्हती. वैद्यानं नाडी पाहिली होती. भगतानं लिंबू उतरवला होता. रोज सकाळी डोळा उघडला, की कुणीतरी छातीवर मातीचं टोपलं उपडं करतं, मग दुसरं, मग तिसरं, असं त्याला वाटे. दुपारपर्यंत तो त्या मातीखाली असे.

एवढ्यातच मिसरूड फुटलेला हा पोरगा वर्षापूर्वी गावाचा कौतुकाचा विषय होता. बडनेऱ्याजवळ आगगाडीच्या सडकेचा भराव पडत होता. चंद्रभानचा आवाज खणखणीत, चारचौघांत उभं राहायची हिंमत. ठेकेदारानं त्याला मुकादम केला. महिन्याच्या महिन्याला रोकड पगार घरी आणणारा तो गावातला पहिला माणूस. गावोगाव फिरून, हातावर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, ठेवून तो माणसं आणायचा. बायकोच्या माहेराहूनही त्यानं माणसं आणली. त्यात जानराव होता, त्याच्या बायकोचा, मैनाबाईचा, पाठचा भाऊ. त्याला बैलजोडी घ्यायची होती. "भाऊजी, मले बी न्या," असं तो आपणहून म्हणाला होता.

ज्येष्ठात भरावावरच्या झोपड्यांत पटकीची साथ शिरली. माणसं रात्रीतून पळू लागली. पावसाआधी काम उरकायचं होतं, म्हणून ठेकेदारानं मुकादमांना बजावलं: एकही माणूस जाता कामा नये. चंद्रभाननं वाट अडवली. जानराव गाठोडं घेऊन निघाला होता, त्यालाही अडवलं. "दोन दिवस थांब. मी बी आहोच ना इथं," असं म्हणाला. जानराव थांबला. दुसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि सांजेला सडकेच्या कडेलाच त्याला माती द्यावी लागली.

चंद्रभान तिथून उठला तो सरळ घरी चालत आला. शेवटचा पगारही त्यानं मागितला नाही. ठेकेदाराचे निरोपावर निरोप आले, तो परत गेला नाही.

आता मार्गशीर्ष लागला होता.

"उठत नाही तो," ओट्यावर खुशालराव सांगत होता. "तुमचा साहेब सोडत नवता, हाच सोडून आला. सोन्यासारखी नवकरी!"

"मग मी त्या मजुरांच्या घरी जातो. भांडी असतील, बैल असतील."

गोठ्याच्या दाराशी खुडबुड झाली. चंद्रभान चौकट धरून उभा होता. दाढी वाढलेली, डोळ्यांना ऊन सोसत नव्हतं.

"त्याईच्या घरी जाऊ नका," तो म्हणाला. "मी देतो."

"कशातून देतो?" खुशालराव गरकन वळला. "काय हाये तुह्यापाशी?"

चंद्रभानपाशी काही नव्हतं. रामरावानं मात्र तेवढा शब्द उचलला, होळीची मुदत दिली आणि घोड्यावर बसून निघून गेला.

दुपारी खुशालरावानं आईसमोर सांगून टाकलं, "याईले वेगळं करतो. नाईतर उद्या तो ठेकेदार माह्याच बैलाले हात लावन."

आई, पार्बताबाई, पदर तोंडाला लावून बसून राहिली. मोठा लेक खोटं बोलत नव्हता, धाकट्याकडं बघवत नव्हतं. "वावराचं कसं?" एवढंच तिनं विचारलं.

"कापसाचा वेचा झाल्यावर पाहू."

ते साल कापसाचं होतं. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. खुशालरावानं जवारीच्या वावरातसुद्धा पऱ्हाटी पेरली होती, आणि सगळ्या गावानं तेच केलं होतं. त्यामुळं कापूस उदंड आणि भाकर महाग, असं झालं होतं. ज्याच्याकडं कापूस होता त्याला ते जाणवत नव्हतं. चंद्रभान आणि मैनाबाई यांच्याकडं आता दोन्ही नव्हतं. गावाच्या कडेचं एक पडकं खोपट आणि त्याच्या मागचं एक जुनं पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, एवढं त्यांच्या वाट्याला आलं.

मैनाबाई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. पाटलाच्या घरची सून मजुरीनं जाते, म्हणून बाया कुजबुजत. ती ऐकून घेई. सकाळी जाताना नवऱ्यासाठी भाकर झाकून ठेवी. संध्याकाळी बहुतेक वेळा ती तशीच असे. मग दोघं मिळून तीच खात.

ती त्याच्यावर ओरडत नव्हती. जानरावचं नाव तिनं एकदाही काढलं नव्हतं. चंद्रभान त्याचीच वाट पाहत होता. एकदाची ती बोलेल, शिव्या देईल, छाती बडवेल. पण ती चूल पेटवी, पाणी भरी, झोपून जाई. अंधारात तिचा श्वास ऐकत तो जागा राही, आणि ती झोपलेली नाही हे त्याला कळे.

एक दिवस कसाबसा उठून तो उमरावतीला गेला. कापसाच्या वखारींत माणसं कमी पडत होती, जो येईल त्याला काम होतं. फाटकाशी एक मुकादम उभा होता. खणखणीत आवाज, चारचौघांत उठून दिसणारा. घोळक्यातला एक जण पुढं घुसून म्हणाला, "मले बी घ्या ना, भाऊ."

 चंद्रभान मागं फिरला आणि वाटेवरच्या एका लिंबाखाली दिवस मावळेपर्यंत बसून राहिला.

"काम नाई भेटलं," घरी आल्यावर तो म्हणाला.

उमरावतीत काम मिळत नाही, हे त्या साली कुणालाही पटलं नसतं. मैनाबाई म्हणाली, "बरं."

पौषात खोपटातली जवारी संपली. मैनाबाईनं पेवावरची माती काढली, शिळा सरकवली आणि एक दिवस तोंड उघडं ठेवलं. कोंडलेल्या हवेनं पेवात माणसं गेलेली गावानं पाहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आत कंदील सोडून पाहिला. ज्योत टिकली.

"तुमी उतरता का? बुडाशी खरडून काही निघालं त पाहू. मी दोर धरीन."

तो उतरला. आत वीतभर थर होता, खालचा काळा पडलेला, वरचा आंबूस वासाचा, पण खाता येईल असा. त्यानं टोपली भरली. तिनं ओढून घेतली. दुसरी भरली, तीही वर गेली. मग रिकामी टोपली खाली आली आणि तशीच पडून राहिली.

"काय झालं? भरा ना."

तो बुडाशी बसला होता, पाठ भिंतीला टेकवून. खाली गार होतं. कुणाचा आवाज नव्हता, रामराव नव्हता, होळी नव्हती. डोक्यावर उजेडाचा एक गोल तुकडा आणि त्यात बायकोचं डोकं. कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

"मैना," त्यानं हाक मारली. तो तिला नावानं कधी हाक मारत नसे. "झाकन लाव अन् घरी जा."

वर काही हललं नाही.

"आयकलं का? शिळा लाव. तू मायच्या घरी जा. तुले कोनी काही म्हननार नाई."

 मग वरून मातीचे खडे पडले. मैनाबाई पेवाच्या तोंडाशी पालथी पडली होती.

"मले राग हाये," ती म्हणाली. आवाज पेवात घुमला. "लय राग हाये. माह्या भावाले तुमी नेलं. तो घरी याले निंगाला होता, त्याले तुमी थांबवलं. तुमच्या ताटात भाकर वाढतानी मले रोज तो दिसते. पन इतका राग घेऊन मी एकटी कुठं जाऊ? मायपाशी जाऊन कोनावर रागावू? तुमी मेले त माहा राग कोन आयकन?"

ती रडू लागली होती. भाऊ गेल्यापासून ती त्याच्यासमोर रडली नव्हती.

"वर या. मले अजून लय बोलाचं हाये."

चंद्रभान खाली उभा राहिला.  दोराला हात घालायला त्याला पुष्कळ वेळ लागला. आणि चढताना दोनदा तो घसरला. वर आल्यावर मैनाबाईनं त्याच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारलं. तो मार खात बसून राहिला. मग ती थकली.

त्या रात्री ती बोलली. दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं चांदूरच्या वाटेनं तिच्या माहेरी निघाले. पेवातल्या जवारीची एक टोपली मैनाबाईच्या डोक्यावर होती. सुतक फिटायच्या आधी जे जाणं व्हायला हवं होतं, ते चंद्रभानकडून आजवर झालं नव्हतं.

गोदाबाई, जानरावची आई, वावरातच होती. नवरा पूर्वीच गेलेला, आता लेकही. मैनाबाई तिच्या गळ्यात पडली. गोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं लेकीला बाजूला केलं आणि धुऱ्याकडं, वावराच्या बांधाकडं, हात करून म्हणाली, "बसा, जवाईबापू."

तो बसला नाही.

"शेवटी त्यानं पानी मांगतलं होतं का?" तिनं विचारलं.

"मांगतलं. वैद म्हने, पटकीत पानी देऊ नका."

"मंग?"

"मी देलं. जेव्हा मांगे तेव्हा देलं."

गोदाबाई खाली पाहत राहिली. "बरं केलं," ती म्हणाली. "तहानेला नाई गेला."

"मावशी, तो घरी याले निंगाला होता. मीच..."

"ठावूक हाये मले. संगचे लोक सांगून गेले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी कवा येता, तेच पाहून राहिली होती."

 वावर पांढरं फुललं होतं, बोंडं लोंबत होती, काही कापूस गळून मातीत पडला होता.

"वेचा खोळंबला," गोदाबाई अखेर म्हणाली. "मानूस भेटत नाई. पोटापुरतं देईन, जास्त नाई देनं होत. राहाचं असन त राहा."

ठेकेदाराची ती उचल पुढं चंद्रभानच्या हिश्श्याच्या वावरातून फिटली, वावर गेलं. कापसाचा भावही पडला, आणि खुशालरावाच्या बैलांच्या शेंब्या सावकाराकडं गेल्या. छातीवरची माती चंद्रभानची कायमची गेली, असंही नाही. दर ज्येष्ठात तो पंधरवडा-पंधरवडा आडवा पडे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी त्यानं कमरेला फडक्याची ओटी बांधली आणि जानराव वेचायचा ती पात, कपाशीची ती ओळ, धरली. वेचायची सवय नव्हती. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं फाटली. कापसाला रक्त लागू नये म्हणून तो हात धोतराला पुसत, हळूहळू पुढं सरकत होता, आणि त्याच्या हातून निम्मा कापूस झाडावरच राहत होता.

गोदाबाईनं ते पाहिलं.  आपली पात सोडून ती त्याच्या मागं आली, आणि तो जे सोडून जात होता ते वेचू लागली.