उडी फक्त माझी

मी काळा घोडा बोलतोय. हसू नका! एक कान तुटलाय, मान डिंकाने चिकटवलेली आहे. पण कालपासून माझे पाय पटावर ठरत नाहीत.

पळसदरीच्या पांडूआबांनी मला जत्रेत अख्ख्या फौजेसकट घेतलं. रोज संध्याकाळी ते आणि नात अपेक्षा ओट्यावर बुद्धिबळाचा डाव मांडतात. त्यांचा खेळ देशी. त्यात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा. म्हणजे उडी माझी आणि जीव वाचणार राजाचा! मला कोणी विचारलं? मात होत आली की आबा हमखास राजा उडवतात आणि मिशीत हसतात.

कर्जतच्या स्पर्धेत पट कमी होते, म्हणून अपेक्षाने आमचीच पिशवी नेली. शेवटचा डाव जिंकली तर अलिबागला जिल्ह्याच्या स्पर्धेला, नाहीतर पुन्हा ओटा. समोर खोपोलीचा स्वप्नील, पांढऱ्या मोहऱ्या घेऊन. त्याने घोकलेली इटालियन ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, झोकात मांडली.

अपेक्षाने मला थेट पटाच्या मधोमध उधळलं आणि एक प्यादं उघडं टाकलं. त्याच्या घोड्याने ते मटकावलं आणि तो हावरटासारखा आमच्या हत्तीकडे घुसला. तोवर आमच्या वजिराने त्याच्या राजाच्या बाजूचं एक प्यादं खाल्लं, मग मधलं दुसरं खाऊन शह दिला. राजापुढे त्याचा उंट आडवा आला आणि मी शह देत टपकलो! राजाला चहूकडून त्याचीच माणसं. उंट हलला तर वजीर राजाला खाणार. मात!

स्वप्नीलने हात पुढे केला. अपेक्षा हात मिळवेना.

"अरं, राजाची उडी बाकी हाय ना तुझी! ते बघ, आमच्या वजिरानं पैलं प्यादं खाल्लं, ते घर मोकळं हाय."

पोरगी जिंकलेला डाव आपल्या हाताने परत देत होती! स्वप्नीलने राजा उचललासुद्धा. माझी पाचावर धारण बसली.

पंच बाई धावत आल्या. "अगं, इथे राजाला उडी नसते. उडी फक्त घोड्याची. जिंकलीस तू!"

फक्त घोड्याची! ऐकलंत? मला खिंकाळता येत असतं तर अख्खं कर्जत जागं केलं असतं.

घरी आबांनी पेढा तोंडात टाकला आणि चघळता चघळता थांबले. "म्हंजे गं, मी इतकी वरसं उड्या मारल्या त्या…"

"तवा तुमी हरला व्हतात, आबा!" अपेक्षा पोट धरून हसली.

आबांनी पट मांडला. "अलिबागला जाईपर्यंत नियमानंच खेळू. मला उडी नाय पायजे."

आज त्यांचा राजा कोपऱ्यात अडकलाय. आबा राजाकडे हात नेतात, मागे घेतात, आणि माझ्याकडे केविलवाणं बघतात. मला राहवत नाहीये. पंच बाईंना तेवढं सांगू नका. घ्या आबा, एक उडी माझ्याकडून!