झिजलो वेगळा, मोडलो वेगळा

मी गाडीच्या डाव्या चाकाचा हात बोलतोय. गॅरेजवाले मला लोअर आर्म म्हणतात. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. गाडी घेताना माणसं रंग बघतात, सीटवर बसून बघतात, गाणी लावून बघतात. पुढच्या चाकाला गाडीच्या अंगाशी कोण धरून ठेवतं, हे वाकून बघणारं गिऱ्हाईक मला तरी भेटलं नाही. ते काम मी आणि उजवीकडचा माझा जोडीदार करायचो.

सध्या मी दोन तुकड्यांत नांदेडच्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात पडलोय. आज-उद्या भंगारवाला येईल. जाण्याआधी काही माणसांचे आभार मानायचे राहिलेत, म्हणून हा खटाटोप.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत आम्हा दोघांना ओतलं. अंगाला काळा रंग दिला, चाकाकडच्या टोकाला सांधा बसवला आणि आतल्या बाजूला रबराचे जाड बुश. बुश म्हणजे आमच्या सांध्यातली गादी. रस्त्याचा प्रत्येक दणका आधी ती खाते, मग आम्ही. आम्हाला एका पांढऱ्या, सात सीटच्या गाडीत बसवलं आणि ती गाडी हदगावला पंचशीलाच्या दारात आली.

पंचशीलानं गाडी घेतली त्यामागे तिचे सासरे होते. त्यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यायची वेळ आली. नवरा धम्मदीप नोकरीवाला, त्याला रोज रोज रजा कोण देणार? मग ही स्वतः गाडी शिकली. सासरे पुढे वारले, पण तोवर तिला हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली सगळी माणसं ओळखीची झाली होती. तिनं भाड्याच्या गाडीचा परवाना काढला, चालकाचा बॅज काढला, गाडीला पिवळी पाटी लावली आणि त्याच माणसांची ने-आण सुरू केली.

तिच्यासारखी चालवणारी मी पाहिली नाही. डायलिसिस करून निघालेल्या माणसाला साधा गतिरोधकही पोटात लागतो, हे तिला सासऱ्यांमुळे माहीत होतं. खड्डा दिसला की ती लांबूनच गाडी हळू करायची. ती काळजी घ्यायची माणसांची, पण आराम मिळायचा मला. तिचं हे पहिलं देणं.

पुढच्या डाव्या सीटवर कायम त्या पेशंटांतल्या केवळाबाई असायच्या, म्हणजे अगदी माझ्या डोक्यावर. शेतकरी घरातल्या, तोंडानं फटकळ, जाताना सगळ्या गाडीला हसवायच्या. येताना मात्र थकून झोपी जायच्या. वरून त्यांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला की मला बरं वाटायचं. आपण नीट धरून आहोत, याची पावतीच ती.

पण रबर ते रबर. तीनेक वर्षांत आमच्या बुशला चिरा पडल्या, त्यात काळी माती शिरली आणि गाडी खाली खडखड वाजू लागली. माझ्याकडूनही, जोडीदाराकडूनही. केवळाबाईंना तर त्या आवाजाचीच सवय झाली.

"पाळण्याला घुंगरू बांधल्यावानी वाजतंय बघ," त्या म्हणायच्या. "त्याबिगर झोप न्हाई येत आता."

महादेवप्पा म्हणजे या गॅरेजचे मालक, मूळ देगलूरकडचे. त्यांनी गाडी उचलून बघितली आणि सांगितलं, "ताई, दोन्हीकडचे बुश गेलेत. आज लगेच काही होत न्हाई, पण फार दिवस ठेवू नका. एक दिवस गाडी सोडा माझ्याकडं."

"सोडते अप्पा," पंचशीला म्हणाली. "पण रोज कुणाचा ना कुणाचा नंबर हाय. दसरा होऊ द्या."

दसऱ्याच्या आधीच ते झालं. सकाळी पेशंट घेऊन नांदेडला निघालो होतो. अर्धापूरच्या अलीकडे केळीच्या बागेतून एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर उडालं. घोड्याएवढं जनावर. पंचशीलानं ब्रेक दाबून गाडी डावीकडे घेतली. रोही वाचलं. आमचं डावं चाक पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळलं.

दणका सरळ माझ्यावर आला. मी आधी वाकलो. जितका वेळ धरता आलं तितका वेळ धरलं आणि मग मोडलो. चाक आत मुडपलं, गाडी तिथंच बसली. सगळे धडधाकट उतरले, फक्त केवळाबाईंचा गुडघा समोर आदळून सुजला.

पण माणसं जमली की पंचायत बसतेच. कुणीतरी वाकून बघितलं आणि म्हणालं, "चाकच निखळलं की आधी. म्हणून तर पुलावर गेली गाडी." दुसऱ्यानं मान डोलावली. पंचशीला तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि मला तेव्हाच कळलं की हे वाक्य आता तिच्या घरापर्यंत जाणार.

झालंही तसंच. क्रेननं गाडी इथं आणून सोडल्यावर ती महादेवप्पांना म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगितलं होतं. म्या ऐकलं न्हाई. माझ्यापायी केवळामावशी मेली असती."

"तसं नसतंय ताई. आधी इन्शुरन्सच्या सर्वेअरला बघू द्या."

"बघू द्या. पण मी आता पेशंट न्हाई बसवणार."

गाडीची किल्ली तिनं त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि एसटीनं गावी गेली. मला बोलता आलं असतं तर तेव्हाच बोललो असतो. खडखडत होतो तो मीच आणि मोडलो तोही मीच, त्यामुळे तिला दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या. इन्शुरन्सचा प्रश्नही हाच होता. अपघातानं मोडलं तर भरपाई, झिजून मोडलं तर नाही. पण तिचा प्रश्न भरपाईपेक्षा मोठा होता.

आता धम्मदीपची गंमत सांगतो. सर्वेअर मॅडम लातूरहून येणार असा निरोप आला. सुट्टीच्या दिवशी हा भला माणूस गॅरेजात हजर. महादेवप्पा लग्नाला देगलूरला गेलेले. लांबून पाहुणी येणार आणि आपली गाडी अशी चिखलात लोळलेली दाखवायची, हे त्याच्या संस्कारात बसेना. त्यानं पाण्याचा पाइप घेतला, साबणाची पावडर घेतली आणि गाडीला अशी अंघोळ घातली की नवरदेवालाही कुणी घालत नसेल. चाकाखाली वाकून मलाही चोळलं. माझ्या ताज्या जखमेवर पाणी मारलं. मनात नुसतं प्रेम होतं त्याच्या, म्हणून रागावताही येईना.

पण उघड्या पडलेल्या लोखंडाला पाणी लागलं की काय होतं ते तुम्ही घरच्या विळ्यावर पाहिलंच असेल. मॅडम येईपर्यंत माझं तुटलेलं तोंड तांबूस झालं होतं. नवी जखम जुनी दिसायला लागली होती.

शिल्पा मॅडम आल्या त्या दिवशी पंचशीला, धम्मदीप, महादेवप्पा सगळे होते. केवळाबाईही आल्या. त्यांचा डायलिसिसचा नंबर दुपारचा होता, दोन एसट्या बदलून सकाळीच नांदेडला पोचल्या आणि लंगडत थेट गॅरेजात. मॅडमनी कुणाशी जास्त बोलणं न करता गोणपाट अंथरलं, टॉर्च घेतला आणि गाडीखाली शिरल्या. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी वाकलं.

"गाडी कुणी धुतली?" खालूनच आवाज आला.

धम्मदीप पुढे झाला. "मीच मॅडम. तुम्ही एवढ्या लांबून येणार, म्हणलं जरा बरी दिसावी."

"अपघाताची गाडी धूत नसतात दादा. खूण जाते." त्यांनी माझ्या तोंडावर टॉर्च धरला. "इथं गंज आहे. तडा जुना असेल तर क्लेमचं अवघड आहे."

धम्मदीपचा चेहरा पडला. तेवढ्यात पंचशीला बोलली. "मॅडम, गाडी आधीपासून वाजत होती. अप्पांनी बदला म्हणलं होतं, मीच लांबवलं."

"कामून सांगून राहिलीस?" धम्मदीप हळूच म्हणाला.

"सांगू द्या मला. क्लेम द्या न्हाई तर नका देऊ, मॅडम. पण चाक आधी निखळलं का नंतर, एवढं मला खरं खरं सांगा. त्याबिगर मला स्टेअरिंगला हात लावता येणार न्हाई."

मॅडम बाहेर आल्या आणि तिच्याकडे नीट बघितलं. मग महादेवप्पांकडून डिझेलचं फडकं मागून घेतलं आणि परत खाली शिरल्या. माझं तोंड त्यांनी हलक्या हातानं पुसलं, लहान लेकराचं पुसतात तसं. गंज फडक्यावर आला. खाली माझं लोखंड होतं तसंच होतं, राखाडी, दाणेदार, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं.

"हा गंज वरवरचा आहे, धुतल्यानंतरचा," त्या म्हणाल्या. "तडा जुना असता तर निदान थोडा भाग काळा पडला असता. आत तेलमाती मुरली असती आणि ती अशी पुसून गेली नसती." मग त्यांचं बोट माझ्या वाकलेल्या अंगावरून फिरलं आणि एका खाचेत थांबलं. तिथं धम्मदीपचं पाणी पोचलं नव्हतं. "आणि हा कठड्याचा चुना. दणका इथं बसलाय. इथंच हात वाकलाय, आणि मोडलाय तो त्याच्यानंतर."

"आणि ती खडखड?" पंचशीलानं विचारलं.

"ती खरी आहे. बुश झिजलंय. तुमचे अप्पा बरोबर होते, बदलायला हवं होतं." त्या उजव्या चाकाकडे सरकल्या. "ताई, तुम्हीच या इकडं. वाका."

पंचशीला गोणपाटावर आडवी झाली. माझ्या जोडीदारावर टॉर्च पडला.

"याचं रबर बघा. डाव्याइतकंच फाटलंय ना?"

"हाव."

"आणि चाक?"

"जागेवर हाय."

"मग फाटक्या रबरानं डावं चाक कसं निखळेल? निखळायला त्याला कठड्याचा दणकाच लागला."

पंचशीला बराच वेळ खालीच पडून राहिली. बाहेरच्यांना वाटलं ती बघतेय. ती रडत होती, आणि ते फक्त आम्हा दोघा हातांना दिसलं.

केवळाबाई स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. "म्हणजे माझ्यावानीच झालं की मॅडम," त्या म्हणाल्या. "किडनी जुनी, गुडघा नवा. गुडघ्याचा बोल किडनीला कामून लावायचा?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मावशी, मला रिपोर्टला दोन पानं लागतील. तुम्ही एका ओळीत उरकलं."

क्लेम माझ्यापुरता मंजूर झाला. जोडीदाराचे बुश पंचशीलानं स्वतःच्या पैशानं बदलून घेतले, आणि तेच योग्य होतं. माझ्या जागी नवा हात आला. चांगला दिसतो. जोडीदार त्याला रस्ता शिकवेल.

काल गाडी घ्यायला ती आली. टेबलावरची किल्ली उचलली, आणि मग या कोपऱ्याकडे येऊन माझे दोन्ही तुकडे हातात घेतले. कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाली, "शेवटपर्यंत धरून होतास बघ तू." मला तुकड्यांसकट भरून आलं.

केवळाबाई आपल्या जागेवर चढून बसल्या. गॅरेजच्या दारात नालीवरची फरशी जरा उंच आहे. पंचशीलानं तिथं नेहमीसारखी गाडी हळू केली. मी कान देऊन होतो. काही म्हणता काही वाजलं नाही.

"आवाज बंद झाला की गं," आतून केवळाबाई म्हणाल्या. "आता मला झोप कशी लागंल?"

पंचशीला हसली. अपघातानंतर मी तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्याकडे माझं मागणं लहानच आहे. गाडी खाली वाजायला लागली तर दसऱ्याची वाट बघू नका. आणि देव करो नि अपघात न होवो, पण झाला, तर पाहुणे येणार म्हणून गाडीला अंघोळ घालू नका. झिजलेलं आणि मोडलेलं शांतपणे वेगळं करून बघणारं माणूस येऊ द्या. माझ्या नशिबी तसं आलं, त्या उपकाराचं ओझं घेऊन मी चाललोय.

भट्टीत गेलो की माझे दोन तुकडे परत एक होतील. मग मला कुठंही बसवा. फक्त वरच्या सीटवर कुणीतरी केवळाबाई निर्धास्त झोपलेली असावी.