ताईंच्या आठ मात्रा

मित्रांनो, मी आपोआप वाजणारा एक जुना पियानो आहे. माझ्या पट्ट्या कोणी हात न लावता खालीवर होऊ लागल्या, की वर्गात नव्याने आलेले मूल हमखास माझ्याखाली वाकून बघते. तिथे कोणी लपलेले नसते, हे पाहून ते जरा हिरमुसते.

कारखान्यात मला आधी सुतारांनी घडवले. मग माझ्या प्रत्येक पट्टीखाली विजेवर उचलला जाणारा एक लहानसा दांडा बसवला आणि पुढे फ्लॉपी घालायला एक अरुंद फट ठेवली. फ्लॉपी म्हणजे तळहातावर मावणारी, चौकोनी पातळ वेष्टनातली चकती. कोणी वाजवले, की मी ते तिच्यावर टिपून घेई आणि सांगाल तेव्हा जसेच्या तसे वाजवून दाखवी. त्या काळी लोक मला पाहायला येत.

मी आलो तो दोन बहिणींच्या नृत्यवर्गात. धाकट्या बाई नाच शिकवत आणि थोरल्या ताई मला वाजवत. पुढे ताईंच्या बोटांना संधिवाताने धरले. बोटे पुरती आखडण्याआधी, एका सुट्टीत त्यांनी एकतीस धून माझ्याकडून टिपून ठेवल्या, एकेका चकतीवर एक. पहिलीच धून सुरू करताना त्या थांबल्या आणि बाईंना म्हणाल्या, "तू बटण दाबून पुढे पोहोचेपर्यंत मी आठ मात्रा थांबते. तुझा गुडघा काही हरणाचा नाही."

"आणि तुझी जीभ काही मधाची नाही," बाई म्हणाल्या. पण त्या चालून पाहू लागल्या.

त्या आठ मात्रा ताईंनी प्रत्येक धून सुरू करण्याआधी पायाने मोजल्या. सूर एकही नाही, फक्त माझे पेडल आठ वेळा दबले. ते मी टिपले. पुढे कित्येक वर्षे पेडल आपोआप हलू लागले, की मुले हात उचलत, श्वास भरून घेत आणि बाई लंगडत पुढे पोहोचत.

मग माझी फट कुरकुरू लागली. फ्लॉपी मिळेनाशा झाल्या. कोणी म्हणाले, भंगारात द्या. ताईंची बोटे आता बशीसुद्धा धरत नव्हती. त्यांचे वाजवणे उरले होते ते त्या चकत्यांवर, आणि त्या वाचणारा मी एकटाच होतो.

बाईंनी माझे सूर लावणाऱ्या काकांना बोलावले. मुले त्यांना पान्हेकाका म्हणत. त्यांनी माझी फट काढून मोबाईलवरून चालणारी नवी पेटी बसवली आणि सगळ्या धून नखाएवढ्या कार्डावर उतरवल्या. दोन चकत्या वाचल्याच गेल्या नाहीत. त्या दोन धून कायमच्या गेल्या. मित्रांनो, मला त्या आठवत नाहीत, याचेच वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोबाईलवर बोट ठेवले आणि मी तडक वाजू लागलो. मुलांचे हात खालीच. एक इकडे, एक तिकडे. एक जण तर खालीच बसला.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून ताई ओरडल्या, "अरे, माझ्या आठ मात्रा कुणी खाल्ल्या?"

पान्हेकाका गोंधळले. "ताई, सुरुवातीला नुसती रिकामी जागा होती. ती कापली. आता मोबाईलवरून सुरू होतो, बाईंना चालत जायचीही गरज नाही."

"आणि मुलांनी श्वास कधी घ्यायचा? घरी जाऊन?"

बाई हळूच म्हणाल्या, "रिकामी नव्हती हो ती. पेडल होतं त्यात."

पान्हेकाकांनी कान पकडले. जुन्या चकत्या त्यांनी टाकायच्या पिशवीत भरल्या होत्या, पण ती पिशवी सकाळपासून ताईंच्या मांडीवर होती. त्या कोणालाच ती देईनात. अखेर काकांनी जुनी फट पुन्हा जोडली, ताईंना शेजारी बसवून घेतले आणि एकोणतीस धून पुन्हा उतरवल्या. या वेळी काहीही न कापता.

मित्रांनो, तुमच्या घरीही अशा चकत्या किंवा फिती पडून असतील. वाचता येतात तोवरच त्या उतरवून घ्या. उतरवताना ज्याचा आवाज आहे त्याला शेजारी बसवा आणि काय ठेवायचे ते त्यालाच विचारा.

आता बाई पुढे उभ्या राहूनच मला सुरू करू शकतात. तरी त्या माझ्याजवळ येतात, मोबाईलवर बोट ठेवतात आणि परत पुढे चालू लागतात. माझे पेडल दबते. मुले हात उचलतात. खुर्चीत ताईंचा पाय जमिनीवर आठ वेळा पडतो, आणि मग मी वाजू लागतो.