कॉलिनची भवानी

जर्मनीतल्या येना शहरात आपल्या छोट्या वर्कशॉपात शशिकांत मायक्रोस्कोपच्या भिंगांना लागणाऱ्या धातूच्या कड्या बनवायचा. चांगली नोकरी सोडून धंद्यात पडलेला पुण्याचा इंजिनियर! आणि धंद्याचं काय हो, आज आहे, उद्या नाही. यंदा तर मशीन अर्धा दिवस बसूनच असायचं. अशात ब्रिटनमधल्या एका बड्या कंपनीच्या साहेबाचा फोन आला. वर्षभराचं काम देतो म्हणाला. शशिकांतला आकाश ठेंगणं झालं.

मग साहेबानं हळूच शेपूट जोडलं. तिकडे निवडणूक होती. कंपनीच्या लाडक्या पक्षासाठी पेपरात पानभर जाहिरात येणार होती, 'या पक्षाचे आयातीचे नियम लहान उद्योगांच्या भल्याचे' म्हणून. खाली नावं लहान उद्योगांचीच हवी होती, युरोपातलीसुद्धा. बड्यांची नावं वाचून मतदार नाक मुरडतात ना!

"तुमचं नाव द्या, काम तुमचंच," साहेब गोड बोलला.

ते नियम शशिकांतनं वाचले होते. बड्यांना रान मोकळं आणि कॉलिनसारख्यांच्या गळ्याला फास. कॉलिन म्हणजे इंग्लंडात डर्बीला मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा म्हातारा. शशिकांतला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा पहिली ऑर्डर त्यानं दिली होती.

"जाहिराती वाचतंय कोण?" रात्री तो बायकोला म्हणाला. "पाच जणांची घरं चालतात माझ्यावर."

कुंदा देवापुढे दिवा लावत होती. गणपतीशेजारी एक पितळी कडी होती. पहिल्या ऑर्डरीतली ही जास्तीची कडी शशिकांतनंच भवानी म्हणून कपाळाला लावून तिथे ठेवली होती.

"अहो, नाव द्यायचं तर खुशाल द्या," कुंदा म्हणाली. "पण आधी ही उचला इथून. हिला रोज कुंकू लावायचं म्हणजे माझा हात अडखळेल."

शशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडी काही त्यानं उचलली नाही. सकाळी साहेबाला नाही म्हणून टाकलं, आणि ते काम गेलं ते गेलंच. वर्कशॉपात त्यानं भीतभीतच सगळं सांगितलं. जुनी कारागीर हाइके नुसती "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली आणि मशीनकडे वळली. अशी माणसं मिळायलाही नशीब लागतं! पुढच्या आठवड्यात कॉलिनची ऑर्डर आली, नेहमीच्या दुप्पट. शशिकांतचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी जाहिरात छापून आली आणि लगेच कॉलिनचा फोन.

"शशी, तुझं नाव दोनदा शोधलं. सापडलं नाही."

"सापडणार कसं? दिलंच नाही."

"तो साहेब माझंही नाव मागायला आला होता, तेव्हा मागच्या आठवड्यातच सांगून गेला, तूही त्यात आहेस म्हणून."

शशिकांत चपापला. "आणि तुला ते खरं वाटलं?"

"वाटलं की. म्हटलं, पाच घरं आहेत त्याच्यावर, देईल बिचारा नाव."

"अरे, मग परवाची ऑर्डर?"

"ती त्यानंतरच पाठवली. काम नसल्याशिवाय तू असलं काही करणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

"फार उपकार झाले रे," शशिकांत चक्क मराठीतच म्हणाला. त्या संध्याकाळी कडीला कुंकू त्यानं स्वतः लावलं.